विळ्याच्या आकाराचा अंधार

तारे बघणाऱ्याला निदान सांगता तरी येतं की बाबा, मी तारे बघतो. माझी पंचाईत अशी की मी बघत होतो ते दिसणारं नव्हतंच. पाहुणे यायचे, अंगणातली दुर्बीण बघायचे आणि विचारायचे, "काय दिसायलंय त्याच्यात?" मी म्हणायचो, "काही नाही." त्यांना वाटायचं, हा टाळायला बघतोय. मेव्हण्यानं तर एकदा चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "दाजी, काहीच दिसत न्हाई तर डोळा लावून बसता कावून?" त्याला मी अर्धा तास समजावलं. शेवटी तो माझ्या बायकोकडं वळून म्हणाला, "अक्का, चहा लई भारी झालाय."

समजायला तसं अवघड काही नाही. आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्यात मधेमधे काळी ठिगळं दिसतात. बघणाऱ्याला वाटतं तिथं भोक आहे. भोक नसतं, धूळ असते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धुळीचे अफाट ढग पडून आहेत. ते थंडगार असतात आणि त्यांना स्वतःचा उजेड नसतो. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश ते अडवतात. म्हणजे ढग असा दिसतच नाही, त्यानं झाकलेले तारे तेवढे दिसत नाहीत. पुस्तकात त्याला कृष्ण तेजोमेघ म्हणतात. मी आपला काळा ढग म्हणतो.

पोटापाण्याला मी वायरमन. केजपासून नांदूरघाटापर्यंतच्या खेड्यांत खांबावर चढून उभी हयात गेली. गावाला उजेड देणं हे माझं काम आणि अंधार हा माझा शौक, त्यामुळं लोकांना आयतंच सापडलं. लाईट गेली की पारावरून हाक यायची, "आज काय ग्रहण-बिग्रहण हाय का बे वायरमन, का उगंच घालवली?" मी हसायचो. खरं सांगायचं तर लोडशेडिंगच्या वर्षांत मी फार सुखी होतो. लोक शिव्या द्यायचे, मी दुर्बीण बाहेर काढायचो. देव माफ करो.

दिसत नाही ते बघायची सवय मला लागली ती मेंढरांमुळं. आमच्या घरात वडील, चुलते सगळे मेंढरांमागं. संध्याकाळी कळप जाळीच्या वाघुरात शिरताना वडील कधी मोजायचे नाहीत. मेंढरं मोजली की बरकत जाते, अशी आमच्यात समजूत. लहानपणी मी एकदा बोटावर मोजायला लागलो तर त्यांनी हातावर फटका दिला. "मोजतूस काय बे? कोण न्हाई त्ये बघ." ते स्वतः वाघुराच्या तोंडाशी उभे राहायचे, एक नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "कानतुटी आली न्हाई." ते कसं कळायचं हे त्यांना सांगता यायचं नाही. पुढं मलाही कळायला लागलं. आख्ख्या कळपात मला आधी रिकामी जागा दिसायची, मग मेंढरं.

दुर्बीण मिळाली ती चाळिशीच्या आसपास. पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आता ती उचलवत नव्हती. आठ इंची आरशाची, पिंपासारखी लांब. त्यांनी सोबत आकाशगंगेच्या फोटोंचं एक मोठं पुस्तक दिलं आणि काळ्या ढगांची एक जुनी यादी दिली. म्हणाले, "तारे सगळेच बघतात. हे बघणारा मला आजवर कोणी भेटला नाही." त्या दिवसापासून मी दिसेल तो प्रत्येक ढग वहीत काढत गेलो. काळ्या शाईनं नाही. ढगाच्या भोवतीचे तारे टिंबांनी काढायचे, म्हणजे मधे उरतो तो ढग. अशा अकरा वह्या झाल्या. खांबावर जे काम केलं ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. लाईट आहे म्हणजे वायरमन नाहीच, असा जगाचा हिशेब. या वह्या मात्र माझ्या होत्या. त्यात जे काढलंय ते तिथं खरोखर आहे, एवढा एकच अभिमान मी आयुष्यात बाळगला. आणि एक हाव होती, तीही सांगून टाकतो. त्या यादीत नसलेला एक ढग मला सापडायला हवा होता. एकच.

आता माझी काम करायची पद्धत सांगतो, कारण सगळा घात तिथंच झाला. अंधाराला सरावलेला डोळा एकदा उजेड पडला की अर्धा तास कामातून जातो. म्हणून मी दिवेलागणीलाच उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधायचो. घरात वावरायचो ते डाव्या डोळ्यानं. दुर्बिणीला उजवा लावायचा, आणि वहीत टिंबं काढायची ती लाल बॅटरीच्या उजेडात डाव्यानं. वर्षानुवर्षं असंच. गल्लीतली पोरं मला दरोडेखोर म्हणायची. शिवाय अंधूक वस्तूकडं थेट बघायचं नसतं, नजर जराशी बाजूला ठेवायची असते, मग ती डोळ्याच्या कोपऱ्यात उमटते. मी कायम उजवीकडचा एखादा ठळक तारा धरायचो आणि ढगाला नाकाच्या बाजूला ठेवायचो. म्हणजे बघायचा डोळा एक, नजरेची जागा एक, आणि त्या डोळ्याची चूक धरायला दुसरा डोळा हजरच नाही. शिस्त म्हणून मी याचं कौतुक करायचो.

मग ती चांगली वर्षं आली. चार-पाच वर्षांपूर्वीपासून मला ढग जास्त दिसायला लागले. जिथं पूर्वी नुसता ताऱ्यांचा चुरा दिसायचा तिथं आता बारीक काळ्या फटी, खाचा, शेपट्या दिसत. मला वाटलं, डोळा पिकला. आंबा पिकावा तसा डोळा पिकतो, असं मी फोनवरच्या आमच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा. लोकांनी अंगठे पाठवले. त्यातच एका ऑक्टोबरात, जेवणं झाल्यावर साडेआठच्या सुमाराला, गरुड तारकासमूहाच्या शेपटीखालच्या ताऱ्यांच्या दाट गर्दीत मला तो दिसला. विळ्याच्या आकाराचा, वाकडा, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडं निमुळता. कडा स्वच्छ. आत एक तारा नाही. मी यादी काढली. यादीत तो नव्हता.

मी ओरडलो नाही, कुणाला सांगितलंही नाही. लागोपाठ आठ संध्याकाळी बघितला आणि आठही वेळा काढला. आठही चित्रांत विळा तस्साच. आता शंका कशाची राहिली? मी चित्रं ग्रुपवर टाकली. लातूरच्या एका निरीक्षकानं नम्रपणे लिहिलं की त्या जागेच्या फोटोत असं काही दिसत नाही, तारे आहेत. मी त्याला लांबलचक सुनावलं. कॅमेरा सगळं उजळून टाकतो, डोळ्याला जे कळतं ते यंत्राला कळत नाही, तुम्ही पडद्यावर आकाश बघणारी माणसं वगैरे. तो गप्प बसला. ग्रुपवरचे बाकीचेही गप्प बसले. मला वाटलं, मी जिंकलो.

माझा तोल कसा सुटला होता ते आज कळतं. मला साक्षीदार हवा होता, म्हणून मी बायकोला बोलावलं. ती भाकरी उरकून, हात पुसत आली. घरी ब्लाऊज शिवते ती, तिची नजर बारीक. तिला मी स्टुलावर बसवलं, कुठं बघायचं ते सांगितलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"दिसला का?" मी विचारलं.

"काय दिसायचंय?"

"विळ्यावानी काळं. मधोमध."

"न्हाई बाई. मला तर तिथं चांदण्या दिसायल्यात. लई हायेत."

"नीट बघ."

"नीटच बघायले की. बारीक बारीक हायेत, पर हायेत."

आणि मी, पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्यावर कधी फारसा आवाज न चढवलेला माणूस, तिला म्हणालो, "तुला बघता येत नाही. याला वर्षं घालवावी लागतात. ऊठ." ती उठली. "आसंल बाई," म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला तेव्हा माझा डोळा परत दुर्बिणीला लागला होता. विळा जागेवर होता.

त्यानंतर दोन वर्षं गेली. दोन वर्षं म्हणजे किती, ते मला आज कुणी विचारू नये.

वाचायचा चष्मा बदलायला मी केजला गेलो होतो. तहसीलच्या रस्त्याला एक चष्म्याचं दुकान आहे, तिथं नंबर काढणारी एक मुलगी असते. तिनं डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, परत बघितलं आणि म्हणाली, "काका, चष्म्याचं नंतर बघू. तुमी आधी अंबाजोगाईला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवा. लवकर जावा." मी म्हटलं, मला सगळं दिसतं. ती म्हणाली, "दिसत आसंल हो, पर जावा."

अंबाजोगाईला बायको सोबत आली. दवाखान्यात त्यांनी मला एका यंत्रापुढं बसवलं. पांढऱ्या घमेल्यासारखं यंत्र, त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची. एका डोळ्यावर पट्टी. मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठंही उजेडाचं बारीक टिंब चमकलं की हातातलं बटण दाबायचं. मला हसूच आलं. नजर एका जागी धरून कडेचं अंधूक टिंब टिपायचं, हेच तर मी वीस वर्षं करत आलो होतो. तपासणाऱ्या मुलाला मी म्हटलं, "यात मला पैकीच्या पैकी मार्क पडतील बघा." त्यानं यंत्र चालू केलं. टिंबं चमकायला लागली, मी दाबत गेलो. मधेच यंत्र थांबायचं. बराच वेळ काही चमकायचं नाही. मला वाटलं, लाईट कमी-जास्त होत असेल. वायरमनच्या डोक्यात दुसरं काय येणार. मी त्याला सांगितलंही, "तुमच्या व्होल्टेजचं बघा जरा." तो म्हणाला, "मशीन चालूय काका. समोर बघा."

कागद निघाला तो डॉक्टर बाईंच्या टेबलावर होता, माझ्याकडं उलटा. त्यांनी तो फिरवला. गोल आकृती, राखाडी ठिपक्यांची. नाकाच्या बाजूला, मधल्या बिंदूच्या वरून वळत गेलेला काळा भाग. एका टोकाला रुंद, दुसरीकडं निमुळता.

मी तो लगेच ओळखला. आठ वेळा काढला होता.

काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेला भाग काळा म्हणूनसुद्धा दिसत नाही, मेंदू आजूबाजूचं घेऊन तो भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मी मनात म्हटलं, बाई, आजूबाजूला काळं आकाश असेल तर मेंदू काय भरणार? काळंच भरणार. त्या पुढं म्हणाल्या, "डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. गेलेली नजर परत येत नाही काका. आहे ती टिकवायची. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर उजव्याचं बरंच वाचलं असतं." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रोज दहा जणांना म्हणत असतील.

बायको बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ऐकलं. मला तेव्हा तिच्याकडं बघवलं नाही.

परत येताना जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो होतो. केज यायच्या जरा आधी मी तिला म्हटलं, "तू म्हणली होतीस."

"काय?"

"चांदण्या आहेत म्हणून."

तिनं मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "म्हणलं व्हतं. तुमी म्हणलाव, तुला बघता येत न्हाई. मग मला वाटलं, नसंल येत." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी गावभर खांबाखांबावर दिवे लावत हिंडलो आणि माझ्या घरात जिला दिसत होतं तिलाच आंधळी ठरवलं.

आता रोज रात्री थेंब घालायचे. थेंब ती घालते, माझा नेम चुकतो. नातेवाईक भेटायला आले की सांगतात, "आपरेशन करून टाका की, आमच्या मामाचं झालं, चकाचक दिसायलंय त्यांला." मामाचा मोतीबिंदू होता. फरक समजावून सांगायचा मला कंटाळा येतो, मी हो म्हणतो. दर सहा महिन्यांनी घमेल्यात तोंड घालून यायचं आणि विळा किती वाढला ते बघायचं. मागच्या खेपेला वाढला होता. डाव्या डोळ्यातही आता नखाची कोर दिसते. डॉक्टर बाईंनी औषध बदललं. बघू म्हणाल्या.

आभाळ तरी जागेवर आहे का म्हणाल, तर तेही नाही. पूर्वेला परळीच्या औष्णिक केंद्राचा तांबूस उजेड हवेतल्या राखेवर चढून रात्रभर तसाच असतो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्यात धुराची भर. चौकात हायमास्टचा उंच दिवा बसला, त्याच्या उद्घाटनाला दोन पुढारी आले होते आणि कनेक्शन मीच जोडलं होतं. माळावर पवनचक्क्यांचे लाल दिवे एका तालात उघडझाप करतात. म्हणजे माझे डोळे धडधाकट असते तरी फार तर आणखी चार-पाच वर्षं मिळाली असती. लोक ही गोष्ट मला समजूत म्हणून सांगतात. यातनं कसली समजूत पटते, कळत नाही.

दुर्बीण मी पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली. पण वह्यांचं काय करायचं, हे मनातून जाईना. त्या अकरा वह्यांत किती आकाश आहे आणि किती मी आहे? ते मला कळायला हवं होतं. खोटं असेल ते वेगळं काढलं, तर उरेल ते तरी खरं राहील. पाचच वह्या उरल्या तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण फोटोशी चित्र ताडून बघायला धड डोळा लागतो. तो घरात एकाच माणसाकडं होता.

एका दुपारी मी सगळ्या वह्या ओसरीवर आणल्या. तिच्यापुढं फोटोंचं पुस्तक ठेवलं. आकडे तिला वाचता येतात, चित्राखालचा आकडा बघून पुस्तकातलं पान काढायचं, आणि आकार जुळतो का ते सांगायचं. "कापलेलं कापड जुळवतेस तसं," मी म्हटलं. मी लाल पेन घेऊन बसलो. जुळलं तर बरोबरची खूण करायची, नाही तर फुली.

शेवटच्या वहीपासून मागं जायचं ठरलं. तिनं पान काढलं, दोन्हीवर बोट फिरवलं. "ह्यात जास्तीचं हाय. ह्या बाजूला." मी फुली मारली. पुढचं. "ह्यात बी हाय." फुली. अकरावी वही पूर्ण गेली. दहावी गेली. नवव्या वहीत ती म्हणाली, "हाय, पर बारीक झालंय." आठवीत ते आणखी बारीक झालं. ज्या शेपट्या आणि फटी दिसायला लागल्या म्हणून डोळा पिकला असं मी लिहिलं होतं, त्या सगळ्या एकाच बाजूला होत्या, नाकाच्या. माझ्या आंधळं होण्याची इतकी काटेकोर नोंद कुठल्या दवाखान्यातसुद्धा नसेल. तारीख, वेळ, हवा कशी होती, सगळं खाली लिहिलेलं.

सातवी वही उघडली तेव्हा ऊन ओसरीच्या आत आलं होतं. तिसऱ्या पानावर तो सर्पासारखा वळलेला ढग होता. माळावर जाऊन चार रात्री बसून काढलेला. ते चित्र बघून पुण्याच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला स्वतः फोन केला होता. इतकी लांब शेपटी मी आयुष्यात कुणाच्या चित्रात बघितली नाही, असं म्हणाले होते. ते आता नाहीत. तो फोन आला त्या दिवशी मी घरी येऊन तिला तीनदा तेच सांगितलं होतं, आणि तिनं तीनदा ऐकून घेतलं होतं.

ती चित्राकडं बघत राहिली. शेपटीवर तिचं बोट थांबलं. मी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं, डाव्या डोळ्यानं, जितकं दिसतं तितकं. ते मागच्याच चित्राच्या पानावर उघडं होतं. तिनं पान उलटलंच नव्हतं.

"हे बरोबर हाय," ती म्हणाली.

मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. "पुढचं बघ," म्हणालो.

त्यानंतर त्या दुपारी एकही चित्र चुकीचं निघालं नाही.